शोधनिबंधावरील पहिलें नांव

पुढें कोण होणार असें शाळेंतील मुलींस विचारिलें, तर बऱ्याच जणी ‘डॉक्टर’ असें उत्तर देतात. तें ऐकून आम्हांस आनंद होतो. बारामतीस २०१९ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून इंदापूर तालुक्याच्या खेड्यांतील मुलीसही हें स्वप्न जवळचें वाटूं लागलें आहे. परंतु रोग्यास औषध देणें हें वैद्यकाचें एक अंग झालें. रोग कां होतो, कोणास होतो, कोणता उपाय लागू पडतो, हें शोधून लिहिणें हें दुसरें अंग. आणि तेथें स्त्रियांचीं नांवें अद्यापि कमी दिसतात.

वैद्यकीय मासिकांतील निबंधाच्या शिरोभागीं बहुधा पहिलें नांव प्रत्यक्ष काम करणाराचें व शेवटचें मार्गदर्शकाचें असतें. अमेरिकेंतील डॉक्टरांचे तेथील प्रमुख मासिकांत आलेले निबंध तपासले, तेव्हां १९७० सालीं पहिल्या स्थानीं स्त्रिया शेंकडा ६ होत्या. २००४ सालीं त्या शेंकडा २९ झाल्या. शेवटच्या स्थानीं मात्र तेव्हांही त्या शेंकडा १९च होत्या. दुसऱ्या एका पाहणींत सहा नामांकित मासिकांतील पहिल्या स्थानाचें हें प्रमाण १९९४ सालीं शेंकडा २७ व २०१४ सालीं ३७ भरलें. पण अखेरच्या कांहीं वर्षांत वाढ खुंटली होती.

कोणी म्हणेल, नांवाचा एवढा सोस कशाला? आमचें उत्तर असें, कीं ज्याचें नांव पहिलें, बहुधा प्रश्नही त्याचाच. गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांत डॉ. राणी बंग यांनीं ६५० स्त्रियांची तपासणी केली. शेंकडा ९२ जणींस स्त्रीरोगांपैकीं एखादा तरी रोग होता, आणि पूर्वीं तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८च होत्या. हा निबंध १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात मासिकांत आला. त्यावर पहिलें नांव राणीबाईंचें व दुसरें त्यांचे पति डॉ. अभय बंग यांचें आहे. पुरुषांनीं स्त्रियांसाठीं कांहीं केलें नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जें दुःख स्त्रिया चारचौघांत बोलत नाहींत, तें विचारणारी स्त्री पुढें यावी लागते.

असे प्रश्न आपल्या दाराशींही आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं बारामती-इंदापुरांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. यांतील पुष्कळ कुटुंबें बीड जिल्ह्यांतून येतात. त्या जिल्ह्यांत २०१९ सालीं झालेल्या सरकारी पाहणींत सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्या स्त्रियांजवळ बसून, पुढें त्यांच्या प्रकृतीचें काय झालें हें कोण लिहिणार?

डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ साली पदवीसाठीं लिहिलेला प्रबंध हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्रावरच होता. माहेरीं त्यांचें नांव यमुना होतें. लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची आपली रीति संशोधनास मोठी अडचणीची आहे. कारण जुन्या नांवानें छापलेलें काम नव्या नांवाच्या खातीं सहज जमा होत नाहीं. पालकांनीं याचा विचार करावा. ‘डॉक्टर झाली, आतां पुरे’ असें न म्हणतां, मुलाप्रमाणें मुलीसही संशोधनासाठीं चार वर्षें मोकळीं द्यावीं.

ही संवय शाळेंतच लागली पाहिजे. मुलीनें निरीक्षणें टिपावीं, तक्ते रंगवावे, आणि विज्ञानप्रदर्शनांत माहिती सांगावयास मुलानें उभें राहावें, हा प्रकार बंद व्हावा. मुलांनो, सहकारिणीच्या श्रमावर आपलें नांव घालूं नका. आणि मुलींनो, जें तुम्हीं स्वतः पाहिलें व मोजलें, तें स्वतःच लिहा व त्याच्या माथ्यावर आपलें पूर्ण नांव घाला. हा गर्व नव्हे. लिहिलेल्या शब्दाची ती जबाबदारी आहे.