पाळत ठेवणाऱ्यांचा कुलुपावर डोळा

‘ज्याच्याकडे लपविण्यासारखे काही नाही, त्याने पाळतीला का भ्यावे?’ हा सत्ताधारी वर्गाचा युक्तिवाद अलीकडे लोकशाहीवादी म्हणविणाऱ्यांच्या तोंडीही ऐकू येतो. संपाची नोटीस देण्यापूर्वी कामगार आपसांत जे बोलतात, ते मालकापासून लपविण्यासारखेच असते. तो गुन्हा नव्हे. ती संघटनेची पहिली अट आहे.

१८८५ चा तार कायदा ब्रिटिश साम्राज्यशाहीचा. (काँग्रेसचा जन्मही त्याच वर्षीचा!) स्वतंत्र भारताच्या सरकारांनी त्यातील कलम ५(२) जिवापाड जपले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली काही बंधने घातली खरी. पण हुकूम देणारा गृहसचिव आणि तो तपासणारेही सचिवच! २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम २० ने तोच अधिकार नव्या वेष्टनात पुढे चालविला.

जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथे पेगॅसस येते. इस्रायलची एनएसओ ही कंपनी आपला माल फक्त सरकारांनाच विकते, असे तीच सांगते. न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ पैकी ५ फोनांत घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती असे सिद्ध झाले नाही. सिद्ध कसे व्हावे? सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयातच सांगण्यात आले.

कूटबद्ध संदेश पाठविणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. सरकारला सलते ते हेच. २०२१ च्या नियमावलीतील नियम ४(२) म्हणतो, संदेशाचा मूळ कर्ता शोधून द्या. एकाचा माग काढावयाचा तर कोट्यवधींच्या प्रत्येक संदेशावर आधीच खूण करावी लागेल, म्हणजे अवघी जनताच संशयित!

अर्थात कूटबद्धता हे कवचकुंडल नव्हे. पेगॅसस फोनच्या आतच शिरते, तेथे कुलूप व्यर्थ. शिवाय व्हॉट्सअॅपची मालक मेटा ही मक्तेदार कंपनी मजकूर वाचत नसली, तरी कोण कोणाशी केव्हा बोलले हे तिला कळू शकते. उलट, २०१६ साली अमेरिकी सरकारने समन्स बजावले तेव्हा सिग्नलकडे खाते उघडल्याची व शेवटच्या जोडणीची वेळ, एवढेच देण्याजोगे होते. साधन निवडताना सभासदांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

लढा मात्र रस्त्यावरचा आणि संसदेतला आहे: नियम ४(२) रद्द करा, न्यायाधीशाच्या हुकमाविना कोणाचाही फोन ऐकू नका, आणि पेगॅसस समितीचा संपूर्ण अहवाल जनतेसमोर ठेवा.