नाव सापडले, गुन्हा सिद्ध झाला का?

मीरा रोड, प्रतिनिधी

घर भाड्याने देताना किंवा सोयरीक जुळवताना समोरच्या व्यक्तीवर खटला आहे का, याचा शोध आता घरबसल्या घेता येतो. ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव, खटला क्रमांक किंवा पोलिस ठाणे व गुन्हा क्रमांक दिल्यास खटल्याची स्थिती विनामूल्य दिसते. प्रलंबित व निकाली, असे दोन्ही पर्याय तपासावे लागतात.

मीरा-भाईंदरकरांसाठी मात्र एक शोध पुरेसा नाही. शहराचे न्यायालय मार्च २०२५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीचे खटले ठाण्यात चालत. सत्र न्यायालयाच्या अखत्यारीतील गंभीर खटले आजही तेथेच चालतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकणे पोलिसांना बंधनकारक आहे. आरोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नसल्याचे याच न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. परिणामी आरोप चटकन दिसतो. तो टिकला की नाही, हे निकालपत्र वाचल्याशिवाय कळत नाही.

धोका येथेच आहे. केवळ नामसाधर्म्यामुळे निरपराध व्यक्तीचे घर किंवा नोकरी हुकू शकते. त्यामुळे वडिलांचे नाव व पत्ता पडताळणे आवश्यक ठरते. संकेतस्थळावरील नोंद माहितीपुरती असते. पुरावा म्हणून न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज व शुल्क भरून मिळणारी प्रमाणित प्रतच ग्राह्य धरली जाते. त्रयस्थाला त्यासाठी कारण देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हा मार्ग वेळखाऊ असला, तरी एखाद्याची अब्रू पणाला लागलेली असताना तोच विश्वासार्ह आहे.