डेटा सेंटर आणा, पण आधी पाण्याचा हिशोब मांडा



"चिंचोळी एमआयडीसीत डेटा सेंटर यायला पाहिजे. धूर नाही, घाण नाही, कॉम्प्युटर काय पाणी पितो का?" असं म्हणणारे हल्ली भेटतात. पितो. किती, ते आपल्या हिशोबात सांगतो.

घन लागवड आपल्याला नवी नाही. एकरात झाडं दुप्पट करायची तर पाणी, खत, छाटणी आधी ठरवावी लागते. तिकडंही तसंच झालंय. पूर्वी कॉम्प्युटरच्या एका कपाटाला ५ ते १० किलोवॅट पुरायचे. एआयच्या नव्या कपाटाला १२० च्या आसपास लागतात. म्हणजे पाच एचपीच्या ३२ मोटारी एका कपाटात, चोवीस तास! आपली मोटार पाणी तरी उपसते. इथं सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते.

ती पाण्याची वाफ करून काढायची म्हटलं तर युनिटमागं साधारण दीड लिटर पाणी उडतं. १० मेगावॅटला दिवसाला ३ लाख ६० हजार लिटर. मे महिन्यात डाळिंबाच्या मोठ्या झाडाला ५० लिटर, एकरी ३०० झाडं धरा. २४ एकर बागेचं पाणी झालं!

आणि पाणी आहे कुठं? २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या घरात गेलं होतं. त्याच उजनीवर सोलापूर शहर, फताटेवाडीचं १३२० मेगावॅटचं वीज केंद्र आणि आपले कालवे.

दुसरा मार्ग आहे. बंद पाइपात तेच पाणी फिरवायचं आणि पंख्यांच्या हवेनं थंड करायचं. पाणी नावाला लागतं, वीज मात्र जास्त जाते. आपल्या ४३-४४ अंशांत तर आणखीच. कंपनीला महाग पडेल. पडू द्या की! तिचा खर्च वाचवायला आपण बागा वाळवायच्या का?

माझा कारखान्याला विरोध नाही, पोरांना काम पाहिजेच. पण प्लॉट द्यायच्या आधी तीन गोष्टी कागदावर घ्या:

१) किती कोटी ते नंतर, किती मेगावॅट आणि थंड कशानं करणार, ते आधी.

२) उजनीचं नवं पाणी नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरा. ५० किलोमीटरच्या आतलं असं पाणी वापरायचं बंधन २०१६ च्या वीजदर धोरणानं औष्णिक केंद्रांवर घातलंय. मग यांनाच सूट कशाला?

३) त्यांना वीज चोवीस तास, तर शेतीच्या फीडरला दिवसा आठ तास पक्की.

ग्रामसभेत हेच विचारा. बोअर मारायच्या आधी पाणी बघतो आपण, नंतर नाही.