सुटीतला पहिला रुग्ण

एप्रिल उजाडला की अकरावी विज्ञानाच्या मुलांची सुटी सुरू होण्याआधीच विकली गेलेली असते. बारावीचा आगाऊ अभ्यासक्रम, ‘नीट’ची जलद तुकडी, निवासी वर्ग! चिखलीसारख्या कामगारवस्तीत तळवडे-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणारा बाप दिवाळीच्या बोनसमधून हे शुल्क बाजूला काढतो. त्याच्या त्यागाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. २०२५ साली ‘नीट’ला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. बापाची भीती खोटी नाही.

परंतु या धावपळीत एक साधा प्रश्न राहून जातो. ज्याला डॉक्टर व्हायचे आहे, त्याने आजारी माणूस कधी जवळून पाहिला आहे काय? चिघळलेल्या जखमेचा वास, एखाद्या आजींची तीच तक्रार चौथ्यांदा ऐकून घेण्याचा संयम, यांची परीक्षा १८० बहुपर्यायी प्रश्नांत होत नाही. ती पुढे होते. तेव्हा घराचे लाखो रुपये गुंतलेले असतात आणि परतीची वाट लाजेने बंद झालेली असते.

ही परीक्षा सुटीतच घेता येईल. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचे साडेसातशे खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. अशा मोठ्या रुग्णालयात परप्रांतातून आलेला कामगार केसपेपर कोठे, क्ष-किरण कोठे हे न उमगून भांबावतो. सतरा वर्षांच्या मुलाने सुईला हात लावता कामा नये, हे उघडच आहे. पण वाट दाखवणे, अर्ज भरून देणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतात ते समजावणे यासाठी पदवी लागत नाही. रुग्णालयाने स्वयंसेवक म्हणून परवानगी नाकारली, तर शेजारच्या आजींना तपासणीस घेऊन जावे. नातवाला कोणी अडवत नाही. आणि अठरा पूर्ण झाले असतील, तर मे महिन्यात रक्तदान करावे. महाविद्यालये बंद आणि नेहमीचे रक्तदाते गावी, म्हणून रक्तपेढ्यांना त्याच महिन्यात चणचण भासते.

बारावीची मुले मे महिन्यात ‘नीट’ देऊन मोकळी होतात, ती प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत. नेमक्या याच काळात वारी येते. तुकोबांचे टाळ येथे पडले, या श्रद्धेने चिखलीला टाळगाव म्हणतात. गावाच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात. तुकोबांची पालखी दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीत असते. वाटेवरच्या वैद्यकीय पथकांना हात कमीच पडतात. सत्तरीच्या वारकऱ्याचा चिखलाने माखलेला पाय मांडीवर घेऊन धुवायचा, फोड न फोडता पुसून डॉक्टरांपुढे ठेवायचा, ग्लानी आलेल्या माउलीला मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजायचे. दोन दिवस हे केले, की मुलाला स्वतःविषयी बरेच काही कळते.

गुणांचे काय, असे पालक विचारतील. अकरावीनंतरच्या सुटीतले दहा दिवस दिले, तर जीवशास्त्र बुडत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतही २०२२ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे गावातील काही कुटुंबे सोपवली जातात. म्हणजे हे काम पुढे टळणारे नाहीच.

काही मुले या दहा दिवसांनंतर घरी येऊन सांगतील, “बाबा, हे मला जमणार नाही.” त्या वेळी रागावू नये. औषधनिर्माण आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, कृषी आहे. शिवाय क्लासचा दुसरा हप्ता बहुधा भरायचाच असतो.