मोकळी जमीन आणि मालकीचा प्रश्न

शहरातील उद्याने आणि मैदाने यांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा सौंदर्यदृष्टीने बोलले जाते. त्यामुळे चळवळीतील कार्यकर्त्यांनाही हा विषय सुखवस्तूंचा छंद वाटतो आणि भाकरीच्या प्रश्नापुढे तो गौण ठरतो. ही समजूत मालकवर्गाच्या पथ्यावर पडणारी आहे. मोकळ्या जमिनीचा प्रश्न हा संपत्तीच्या वाटपाचाच प्रश्न आहे, आणि मुंबईच्या गिरणगावाइतका त्याचा ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या मध्यभागी असलेल्या सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने वाटणीचे सूत्र ठरविले : ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मैदाने-उद्यानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ साली राज्य सरकारने हा नियम दुरुस्त केला. वाटणी करायची ती केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तीतून वगळली गेली. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार! ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. सुमारे २०० एकर मैदानांची आशा अशा रीतीने एका दुरुस्तीने मावळली.

या दुरुस्तीचे समर्थक सांगत आले की, मालकाच्या हाती अधिक जमीन राहिली तरच कामगारांची थकलेली देणी भागतील. हा युक्तिवाद वरवर कामगारहिताचा, पण मुळात लबाडीचा आहे. देणी हे मालकाच्या डोक्यावरचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी कामगारांच्याच मुलांची मैदाने का गहाण पडावीत? आणि मैदाने गेली म्हणून घरे तरी मिळाली काय? २०१२ साली गिरणी कामगारांसाठी म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली, तेव्हा घरे सात हजारांच्या आत होती आणि अर्जदार लाखाहून अधिक.

अर्थशास्त्र ज्याला ‘अनर्जित वाढ’ म्हणते, तिचा विचार येथे आवश्यक आहे. परळ-लालबागच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तो मालकाच्या कर्तृत्वाने नव्हे. लोकलगाड्या, रस्ते, पाणीपुरवठा आणि लक्षावधी कष्टकऱ्यांची वस्ती यांनी तो आणला. जे मूल्य समाजाने निर्माण केले, त्यातला वाटा समाजाने मागणे ही याचना नव्हे, तो हिशेब आहे.

मैदान नसण्याची किंमतही सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या इमारतीत तरणतलाव आहे, त्याला सार्वजनिक मैदानावाचून अडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याचे अडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी मुरण्यास माती उरली नाही, तर ते सखल वस्तीत शिरते; आणि सखल भागात कोण राहतो हे सांगावयास नको. शिवाय कामगारांच्या सभा भरल्या त्या परळच्या कामगार मैदानावर, नरे पार्कमध्ये, शिवाजी पार्कवर. ज्या शहरात एकत्र उभे राहण्यास जागा नाही, तेथे एकजूटही अवघड होते. मॉलच्या आवारात मोर्चा निघत नाही.

शाश्वत नगरनियोजनाच्या गोष्टी आज राज्यकर्तेही करतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. मुंबईकराच्या वाट्याला सव्वा चौरस मीटरच्या आसपास येते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही तफावत झाडे लावण्याच्या समारंभांनी भरून निघणारी नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डाचा विकास आराखडा उघडावा, मैदानासाठी आरक्षित असलेल्या प्रत्येक भूखंडावर आज काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि ती यादी वस्तीत जाहीर वाचावी. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ज्या जमिनी अद्याप विकल्या गेलेल्या नाहीत, त्यांवर १९९१ चे मूळ सूत्र लागू करा, ही मागणी घरांच्या मागणीला जोडूनच लढविली पाहिजे. घर आणि मैदान यांत निवड करण्यास जो सांगतो, तो दोन्ही हिरावून घेणार आहे, हे ओळखावे.