प्रश्न उद्भवतो

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. "सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" ही सुरुवात. मग (१) अमुक रुग्णालयात डॉक्टरांची पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचेही साचे ठरलेले. "हे खरे नाही." "अंशतः खरे आहे." "कार्यवाही सुरू आहे." आणि मंत्र्यांचं सगळ्यात लाडकं उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे "असल्यास" आणि "नसल्यास" वाचून मला घरी आल्यासारखं वाटतं. सरळ इफ-एल्स आहे. "प्रश्न उद्भवत नाही" हेही ओळखीचं आहे. ग्राहक सांगतो ॲप बंद पडतंय, आमच्यातला एखादा लिहितो "माझ्या मशीनवर चालतंय" आणि तक्रार बंद करून जेवायला जातो. फरक इतकाच की आमचा ग्राहक दुसऱ्या दिवशी ती तक्रार पुन्हा उघडतो, आणि नाही ऐकलं तर कंत्राट मोडतो. आपण, म्हणजे मतदार, तक्रार पुन्हा उघडत नाही. बऱ्याचदा ती बंद झाली हेही आपल्याला कळत नाही.

१४ सप्टेंबर २०२०चं एक उत्तर मी विसरू शकत नाही. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना काही भरपाई दिली का, असं लोकसभेत विचारलं गेलं होतं. श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, आणि त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. चारच महिन्यांपूर्वी, ८ मे रोजी, जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपेत मालगाडीखाली गेले होते. त्या रुळांवर पडलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले होते. तरी प्रश्न उद्भवला नाही. आणि त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केलेला होता. फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवली जात होती. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि सभासदाला उपप्रश्न विचारता येतो. ती सोय नसेल तर कागद येतो आणि विषय संपतो.

हे सरकारबद्दल झालं. आता आपल्याबद्दल, कारण हा लेख खरं तर आपल्यासाठी आहे.

आपल्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधिवेशनाच्या दिवसांत काय फिरतं? आमदारसाहेबांची दोन मिनिटांची क्लिप. साहेब उभे राहिले, आवाज चढला, एखादा शेर सुनावला, समोरच्या बाकांवरून गोंधळ झाला. खाली माशाअल्लाह आणि मुठीच्या इमोजींची रांग. मी याची थट्टा करत नाही. द्वेषाच्या भाषणांविरुद्ध, झुंडीने माणूस मारला जातो त्याविरुद्ध सभागृहात बोलावंच लागतं, आणि ते बोलायला हिंमत लागते. पण तकरीर हेच आमदाराचं काम आहे असं आपण ठरवून टाकलं. कुठल्या आमदाराने आरोग्य खात्याला किती प्रश्न विचारले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. मला त्यांचे शेर पाठ होते.

भाषणाने मंत्र्याचं काही बिघडत नाही, नेमक्या प्रश्नाने बिघडू शकतं. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर का घेतले, कोणाच्या सांगण्यावरून घेतले, हे संसदेत विचारलं गेलं. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे, त्यातून पंतप्रधानांचे जावई, तरी त्यांनीच हा विषय लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. तिथे शेर कामाला आला नाही. रक्कम, तारीख आणि सही कामाला आली.

आपल्याजवळचं उदाहरण बघा. सच्चर अहवालानंतर, २००९मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचं आपल्याला कसं कळलं? ८ डिसेंबर २०२२ला केरळच्या एका काँग्रेस खासदाराने लोकसभेत प्रश्न विचारला, त्याच्या लेखी उत्तरात. इतर योजनांशी ती "ओव्हरलॅप" होते, म्हणून २०२२-२३पासून बंद, एवढंच. पत्रकार परिषद नाही, चर्चा नाही. पीएचडी करणाऱ्या हजारो पोरांच्या घरखर्चाची गोष्ट होती ती. तो प्रश्न गेला नसता तर हे उत्तरही त्या दिवशी आलं नसतं, आणि मुलं पुढच्या जाहिरातीची वाट बघत बसली असती. त्याच हिवाळ्यात पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही थांबवली गेली होती.

आता पैशाचं. २०२२-२३साठी केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाला अर्थसंकल्पात सुमारे ५,०२० कोटी दाखवले. सुधारित अंदाजात ते सुमारे २,६१२ कोटी झाले. जवळपास निम्मे. अर्थसंकल्पाच्या दिवशी आकड्याची बातमी होते, सुधारित अंदाज मात्र पुढच्या वर्षीच्या कागदांत एका रकान्यात येऊन गप्प बसतो. हाच खेळ राज्यातही चालतो. ऑक्टोबर २०२४मध्ये, आचारसंहिता लागण्याच्या काही दिवस आधी, राज्य मंत्रिमंडळाने मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या भागभांडवलाची मर्यादा ७०० कोटींवरून १,००० कोटी केली. मोहल्ल्यात बॅनर लागले, "३०० कोटी मंजूर". अरे बाबा, मर्यादा वाढली म्हणजे पैसे आले असं नाही. क्रेडिट कार्डची मर्यादा वाढली म्हणून पगार वाढत नाही. सरकारने त्यातले प्रत्यक्ष किती दिले, महामंडळाने त्यातून किती जणांना कर्ज दिलं, किती अर्ज जामीनदार नाही म्हणून परत गेले, हे विचारल्याशिवाय त्या बॅनरला काही अर्थ नाही.

तीन रकाने लक्षात ठेवायचे: तरतूद, वितरण, खर्च. राज्याच्या वित्त विभागाच्या बीम्स या संकेतस्थळावर कुठल्या लेखाशीर्षाला किती तरतूद, किती वाटप आणि किती खर्च हे बघायला मिळतं. हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. लागतो तो दुपारचा एक तास आणि थोडा हट्ट.

पण मला त्याहून जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. आपण अर्थसंकल्पातही एक मोहल्ला करून त्यात राहायला गेलो आहोत. त्याचं नाव अल्पसंख्याक विकास विभाग. आपले प्रश्न तिथेच, आपली निवेदनं तिथेच, आपल्याला मिळतं तेही तिथूनच: कब्रस्तानची भिंत, शादीखाना, पेव्हर ब्लॉक. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराचं आयुष्य बघा. त्याच्या मुलीच्या उर्दू शाळेत शिक्षक नाही, तो विषय शालेय शिक्षणमंत्र्यांचा. उर्दू माध्यमातली काही राखीव पदं उमेदवार मिळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं रिकामी राहतात, ही तक्रार जुनी आहे. (आरक्षणाविरुद्ध बोलत नाही, गैरसमज नको, रिकाम्या जागेवर त्या वर्षापुरतं कोण शिकवणार एवढंच विचारतोय.) त्याला स्वतःला धुळीने दम लागतो, तो आरोग्यमंत्र्यांचा विषय. मागाच्या विजेची सवलत वस्त्रोद्योगमंत्र्यांकडे. गल्लीतलं पाणी नगरविकासाकडे. यातल्या एकाही खात्याच्या नावात "अल्पसंख्याक" नाही, म्हणून आपण तिकडे फिरकत नाही.

रकमांचा अंदाज यावा म्हणून एक सांगतो. २०२४च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने पुरवणी मागण्या मांडल्या त्या सुमारे ९४,८८९ कोटींच्या. देशभरच्या अल्पसंख्याकांसाठीचं केंद्राचं मंत्रालय वर्षाला तीन-साडेतीन हजार कोटींत चालतं. मोठा पैसा कुठून वाहतो ते यावरून समजा, आणि आपण कुठे बादली घेऊन उभे आहोत तेही.

कोणी म्हणेल, आपले आमदारच किती? २८८पैकी १०. राज्यात मुस्लिम २०११च्या जनगणनेनुसार ११.५४ टक्के, त्या हिशेबाने ३३ व्हायला हवेत. अन्याय आहेच, आणि त्यावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण उरलेले २७८ कोणाचे आमदार आहेत? माझ्या मतदारसंघातला आमदार माझ्या धर्माचा नाही आणि मी त्याला मतही दिलं नव्हतं. तरी प्रश्न विचारायची माझी खिडकी तोच आहे. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारू शकतो, विचारतोही. या विधानसभेत विरोधकांपैकी एकाही पक्षाला २९ जागा मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. मग एकेका आमदाराच्या प्रश्नाला जास्तच किंमत आली.

दुसरं कोणी म्हणेल, मुसलमानाने हिशेब मागितला की लांगूलचालनाची ओरड होते. होऊ द्या. त्या ओरडीला सगळ्यात चांगलं उत्तर सरकारच्याच सहीचं असतं. किती तरतूद होती आणि किती खर्च झाला हे मंत्री स्वतः सभागृहात सांगतो, तेव्हा कोणाचे लाड झाले ते दिसतंच. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राशी वर्षभर वाद घालून जे जमलं नाही, ते सुधारित अंदाजाच्या एका ओळीने जमलं. तो पटला असं म्हणत नाही. गप्प झाला.

आणि उत्तर खोटं आलं तर? येतं. पण सभागृहात दिलेलं खोटं उत्तर छापलं जातं, त्यावर हक्कभंग आणता येतो. "करू" म्हटलेलं आश्वासन समितीकडे जातं. लोकसभेत तर ते तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. चौकात दिलेल्या शब्दाला ही व्यवस्था नाही.

जाता जाता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा आला तेव्हा आम्ही ऑफिसात त्याच्या अटींवर महिनोन् महिने बैठका केल्या. त्याच कायद्याच्या शेवटाकडच्या एका कलमाने माहिती अधिकार कायद्याला हात घातला हे मला फार उशिरा कळलं. वैयक्तिक माहितीच्या अपवादाखाली तिथे एक सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराचा प्रश्न आणि माझा अर्ज त्या वाक्याने एका पायरीवर आणले होते. ते वाक्य काढून टाकलं. आपल्या मोहल्ल्यात त्यावर एक जलसा झाला नाही, आणि मीही तेव्हा डेटाबेसच्या रकान्यांना नावं देत बसलो होतो.

तेव्हा आता आमदाराकडे जाताना काय घेऊन जायचं? "अल्पसंख्याकांसाठी शासन काय करत आहे" असा प्रश्न नेऊ नका. त्याला दोन पानांची योजनांची यादी उत्तर म्हणून मिळते आणि सगळे खूश होतात. मी गेल्या अधिवेशनाआधी आमच्या आमदारांच्या कार्यालयात एक पान नेलं. स्वीय सहायक भले गृहस्थ. म्हणाले, "कब्रस्तानच्या भिंतीचं आहे का? पत्र द्या, करून टाकू." मी म्हटलं, भिंत नको, प्रश्न हवाय. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. त्यावर होतं ते असं: गेल्या तीन आर्थिक वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयांत वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, औषधांसाठी तरतूद, वितरण आणि खर्च किती, वर्षनिहाय, उर्दू माध्यमाच्या शाळांत मंजूर आणि रिक्त पदं किती, तालुकानिहाय, आणि शेवटी तो साच्यातला उपप्रश्न, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

"हे दोन खात्यांचं आहे, दोन प्रश्न करावे लागतील," असं त्यांनी सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. दोन केले. त्यातला आरोग्याचा अतारांकित म्हणून गेला, शाळांचा मुदतीत पोचला नाही, कारण सूचना अधिवेशनाच्या पुष्कळ आधी द्यावी लागते आणि मी ऐन वेळी गेलो होतो. आरोग्याच्या उत्तराची वाट बघतोय. शाळांचा प्रश्न नागपूरच्या अधिवेशनासाठी पुन्हा दिला आहे, या वेळी लवकर. दोन्ही मसुदे संपादकांकडे ठेवले आहेत, मराठी आणि उर्दू दोन्हीत. जिल्हा आणि तालुका बदला आणि आपापल्या आमदाराकडे न्या.