धाकट्याचं वय

जिभेची साक्ष : पांझरेकाठचा

महाराष्ट्रात बिअर प्यायला एकवीस आणि व्हिस्की प्यायला पंचवीस वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे परवा शनिवारी पिंपळनेरच्या एका मळ्यात आमच्यापुढं ठेवलेली २१ वर्षांची स्कॉच स्वतःच अजून व्हिस्की पिण्याच्या वयाची झालेली नव्हती. आमचं मात्र वय झालेलं. शिवाय आमच्याजवळ पाच रुपयांचे एक दिवसाचे परवानेही होते, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं या राज्यात आजही दारूबंदीच आहे आणि आपण सगळे जे पितो ते परवान्यावर, प्रकृती जपण्यासाठी. प्रकृतीची इतकी काळजी घेणारं दुसरं राज्य मला तरी माहीत नाही.

बाटली मित्राच्या मुलानं इंग्लंडहून आणलेली. तिचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात होईल. एवढं सांगतो की ती ब्लेंडेड स्कॉच होती, म्हणजे अनेक भट्ट्यांचा माल एकत्र करून बांधलेली. बसलो चौघं: मित्र, त्याचा मेहुणा, मी आणि मळ्याचे राखणदार आबा. आबा कोंडाईबारीकडच्या पाड्यावरचे. तरुणपणी त्यांनी मोहाची भट्टी लावलेली आहे, हे ते स्वतःच सांगतात, आता पोलीस काय करणार म्हणून.

आधी त्या २१ आकड्याचा अर्थ सांगायला हवा, कारण मेहुण्यानं तो चुकीचा लावला होता. त्याला वाटलं, सगळी व्हिस्की बरोब्बर एकवीस वर्षांची. तसं नसतं. मिश्रणात पंचवीस वर्षांची असेल, तिशी गाठलेलीही असेल, पण लेबलावर वय लिहायचं ते त्यातल्या सर्वांत धाकटीचं. एक चमचा वीस वर्षांची पडली तर लेबलावर २० छापावं लागतं. आपल्याकडं भाऊबंदकीच्या बैठकीत सगळ्यांत थोरल्याचं वय बोलतं, तिथं सगळ्यांत धाकट्याचं. आणि हे वय फक्त लाकडी पिंपातलं. बाटलीत भरली की व्हिस्कीचं वय थांबतं. आजोबांच्या कपाटात चाळीस वर्षं पडून राहिलेली बारा वर्षांची बाटली बाराचीच राहते. ती जुनी झाली म्हणून ज्यांनी चढा भाव मोजला असेल, त्यांनी ती शांतपणे पिऊन टाकावी.

वास घ्यायला तोंडाशी निमुळता होणारा पेला लागतो. मळ्यात असा पेला कुठला? स्टीलचे होते, चहाचे काचेचे होते, पण ते वर पसरट, वास उडून जातो. शेवटी लोणच्याच्या चार छोट्या बरण्या मिळाल्या. तीनदा धुतल्या, राखेनं घासल्या, तरी माझ्या बरणीतला हिंग काही हटला नाही. परीक्षकाची लाज राखायला मी ती मेहुण्याला दिली आणि त्याची घेतली.

रंग पाहून मेहुणा खूश झाला. जुन्या तुपासारखा, तांबूस. मी म्हटलं, रंगावर जाऊ नकोस. स्कॉचमध्ये साध्या कॅरेमलचा रंग घालायला कायद्यानंच मुभा आहे. हिशेबाला नाक धरायचं. स्कॉटलंडमधले मिश्रण बांधणारे उस्तादही दिवसभर पीत बसत नाहीत, पाणी घालून व्हिस्की वीसेक टक्क्यांवर आणतात आणि नुसती हुंगतात. शेकडो नमुने पिऊन पाहिले तर संध्याकाळपर्यंत उस्ताद उरणार नाही.

पहिला वास मला मनुकांचा आला. शेरीच्या जुन्या पिंपांतून तो येतो. मग वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा, मग आजीच्या लाकडी पेटीचा, जिच्यात लुगडी आणि वेखंड असायचं. सगळ्यांत मागं, अगदी विझलेल्या चुलीतून यावा इतका, धूर. चार थेंब पाणी घातलं आणि पाच मिनिटं थांबलो, तर काकवी वर आली. बर्फ मी कुणाला घालू दिला नाही, थंडीनं वास आखडतो. शेंगदाणे, कांदा आणि शेव यांनाही नंतरचा मुहूर्त दिला. मेहुणा तेवढ्यावरून रुसला.

जिभेवर ती सुरुवातीला गोड आणि तेलकट-मऊ. मधे मात्र थोडी पातळ पडते. ही माझी तक्रार. गिळल्यावर लाकडाचा तुरटपणा येतो, हिरड्याचा तुकडा चघळल्यासारखा, आणि तो बराच वेळ रेंगाळतो. जुन्या व्हिस्कीचा घात होतो तो इथंच. पिंप आपली चव देतं देतं आणि एका वर्षी देणं सोडून घेऊ लागतं, मग दारू मागं राहते आणि नुसतं लाकूड तोंडात येतं. ही त्या कडेपर्यंत जाऊन परतली आहे. दहापैकी मी आठ दिले. आकडा २१ वरून १२ वर आला असता तरी आठच दिले असते, कारण वयाला मी गुण देत नाही.

इथं सिंगल माल्टवाल्यांशी माझं भांडण आहे. त्यांना ब्लेंड म्हणजे भेसळ वाटते. एका भट्टीची, नुसत्या जवाच्या माल्टची तीच खरी, बाकी पाणचट. मी त्यांना आमच्याकडची कळण्याची भाकरी खायला घालतो. ज्वारीत उडीद दळून घातला म्हणून कुणी तिला भेसळीची भाकरी म्हणत नाही. ज्वारीनं अंग द्यायचं, उडदानं ठसका. ब्लेंडमध्ये मका किंवा गव्हाची हलकी ग्रेन व्हिस्की अंग देते आणि माल्ट ठसका. ग्रेन व्हिस्की अखंड वाहत्या उंच भट्टीत निघते. त्या भट्टीचं पेटंट १८३० च्या सुमारास एनिअस कॉफी नावाच्या माणसानं घेतलं, आणि विशेष म्हणजे तो आधी अबकारीचा अधिकारी होता. खरी कसोटी पुढं आहे. आमच्या वहिनी दरवर्षी काळा मसाला करतात. मिरची एक साल तिखट, एक साल नुसती लाल, खोबरं कधी खवट निघतं, तरी डब्यातला मसाला गेल्या वर्षीचाच लागतो. ब्लेंडरला हेच करायचं असतं: दरसालची पिंपं वेगळी, बाटली तीच. फरक इतकाच की वहिनींच्या मसाल्याला लेबल नाही.

आबांकडं माझं लक्ष होतं. त्यांनी आधी बोट बुडवून एक थेंब मातीवर टाकला. पूर्वजांचा वाटा. मग थोडी तळहातावर ओतली, दोन्ही हात खसाखसा चोळले आणि ओंजळ नाकाशी धरली. दारू उडाली की खाली काय उरतं ते असं कळतं. स्कॉटलंडच्या भट्टीघरांतही जुनी माणसं हेच करतात, हे आबांना कुणी सांगितलेलं नाही. ओंजळीतून डोकं वर काढून त्यांनी विचारलं, "हाई एकवीस वरीस कोनी राखी? पोलीस उनात नही का?"

या प्रश्नावर मित्र हसला. मला हसू आलं नाही, कारण स्कॉचच्या वयाबद्दल इतका नेमका प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

दारूला वय मिळतं ते आधी कायद्यातून, मग लाकडातून. दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगरात आपल्यासारख्याच चोरून भट्ट्या चालत. माल निघाला की त्याच आठवड्यात खपवायचा, कारण साठवला की पुरावा. १८२३ च्या कायद्यानं कर उतरवला आणि दहा पौंडांत परवाना देऊ केला. पुढच्या वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं तो घेतला, तर शेजारचे चोरटे भट्टीवाले त्याच्या जिवावर उठले आणि तो पिस्तुलं बाळगून झोपू लागला. पण गोदाम सुरक्षित झालं. सरकारी कुलपाखाली पिंप ठेवलं की बाहेर काढेपर्यंत कर नाही, हेही पुढं आलं, आणि मग कुणीही वाट पाहायला मोकळा झाला. किमान वयाची गंमत तर पाहा. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दारूवर डूख धरून असलेल्या ब्रिटिश मंत्री लॉइड जॉर्जच्या काळात कच्ची दारू विकायला मनाई झाली: आधी दोन वर्षं, लगेच पुढं तीन. ज्याला दारू कमी व्हायला हवी होती, त्याच्यामुळं ती चांगली झाली.

इकडं आमच्याकडं १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि गणित उलटं झालं. घरोघरच्या भट्ट्या गुन्ह्यात गेल्या, दारू मक्तेदाराच्या दुकानातून घ्यायची असा हुकूम. चैत्राच्या तोंडाशी पहाटे गळणारी मोहाची फुलं बायापोरांनी वेचायची, वाळवायची, भिजत घालायची, मडक्यांवर मडकी रचून उकळायची, आणि निघालेली दारू लगेच संपवायची. तिची परीक्षाही त्याच हिशेबानं ठरली: पहिल्या धारेची आहे का, काडी लावली तर निळी पेटते का, उद्या डोकं धरतं का. ताजेपणा हा तिथं गुण झाला, कारण जुनी होण्याची परवानगीच नव्हती. एका पिंपाला एकवीस वर्षं जागा, लाकूड, कुलूप आणि छापा पडणार नाही याची खात्री लागते. आबांच्या पाड्यावर यातलं काहीच नव्हतं. आजही पेपरात बातमी येते ती "कच्चं रसायन नष्ट" अशी, चवीबद्दल त्यात एक अक्षर नसतं. २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं उठवली ते बरं केलं. फुलांचे लाडू झाले, दारूचं पुढं बघू. गावठी दारूलाही मान मिळू शकतो: गोव्याच्या काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे.

हवेचं म्हणाल तर ती आपल्या बाजूनं नाही. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के माल उडतो, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. दोनशे लिटरच्या पिंपात एकवीस वर्षांनी १३० लिटर उरतात. बंगळुरूसारख्या उष्ण ठिकाणी उडण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात जातं. त्या हिशेबानं २२ लिटर. तिथल्या अमृत डिस्टिलरीनं २०१३ मध्ये आठ वर्षांची व्हिस्की काढली तर तिचं नावच हावऱ्या देवदूतांवरून ठेवलं. धुळ्याच्या मे महिन्यात देवदूत पिंपही चाटून नेतील. म्हणून उद्या कुणी मोहाची एकवीस वर्षांची बाटली विकायला आणली तर विश्वास ठेवू नका. दोन-तीन वर्षं खूप झाली.

हे लिहिताना मला दुसरी बाजू दिसत नाही असं नाही. १९२२-२३ मध्ये देवीचा संचार किनाऱ्यावरून डांग, सुरत करत इकडं आला तेव्हा आदिवासींनी आपणहून दारू सोडली. पुढं तळोद्याकडं दारू सोडायला सांगणाऱ्या गुलाम महाराजांच्या मागं जी माणसं गेली त्यांनीही. दारूनं काय जातं हे त्यांना पारशी मक्तेदाराच्या उधारीच्या वहीनं शिकवलं होतं. आजही गावातल्या बाया उभी बाटली की आडवी बाटली या मतदानाला उतरतात तेव्हा मी त्यांच्याच बाजूचा आहे. मी ज्या जुन्या स्कॉचला गुण देतो ती महिन्याची मजुरी खाणारी नव्हे, वर्षातून एकदा बरणीत दोन बोटं एवढीच. विलायतेशी २०२५ च्या जुलैत झालेल्या करारात स्कॉचवरचं दीडशे टक्के आयातशुल्क आधी पंचाहत्तरवर आणि दहा वर्षांत चाळीसवर आणायचं ठरलं. ती स्वस्त झाली म्हणून बोटं वाढवू नयेत.

आबांनी दुसऱ्यांदा घेतली नाही. कशी वाटली, विचारलं तर बराच वेळ बरणीत बघत राहिले. "चांगली शे," म्हणाले, "पन कोना घरनी शे, ते कळत नही."

मोहाची दारू चाखून ती कोणत्या घरची, कोणाच्या हातची हे आबा सांगतात. ब्लेंडची सगळी करामत ते घर लपवण्यात आहे, म्हणून दिलेल्या आठातला एकही गुण मी कमी केला नाही. मग शेव आली, आणि मेहुण्याच्या बरणीतल्या हिंगाबद्दल मला शेवटी कबूल करावं लागलं.